मागितलं काय, मिळालं काय

वेब ॲप्लिकेशन तपासणं हे माझं रोजचं काम. पुण्यात राहून सहकारी बँकांची पोर्टलं, प्रवेशाचे फॉर्म, रुग्णालयांची नोंदणी, पतसंस्थांच्या पावत्या अशी नाना तऱ्हेची ॲप्लिकेशनं मी तपासत आले आहे. या कामात नव्यानं येणारी मुलं-मुली सगळ्यात आधी टूलबद्दल विचारतात. सेलेनियम शिकू की प्लेराइट? बर्प घेऊ की झॅप? टूलं शिकावी लागतातच आणि पुढे त्यांच्याविषयी लिहिलंही आहे. पण कुठलंही टूल घेतलं तरी पाहायचं असतं ते एकच: ब्राउझरनं सर्व्हरकडे नेमकं काय मागितलं आणि सर्व्हरनं नेमकं काय दिलं. हे पाहायची सवय ज्याला लागली, त्याला टूल बदललं तरी अडत नाही.

१. एफ-१२ दाबा, मग मत द्या

'सेव्ह होत नाहीये' या एका तक्रारीमागे कितीतरी वेगळी कारणं असू शकतात. जावास्क्रिप्ट आधीच कुठेतरी कोसळली असेल आणि बटण दाबल्यावर रिक्वेस्ट निघालीच नसेल. निघाली असेल, पण वाटेत अडकली असेल. सर्व्हरनं ती नाकारली असेल. किंवा सगळं नीट साठवलं गेलं असेल आणि पडदा तेवढा जुनीच माहिती दाखवत असेल. वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी दिसतं ते गोल फिरणारं चक्र. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडला की यातलं कुठलं कारण आहे ते मिनिटभरात कळतं.

२००६ साली फायरबग हे ब्राउझरमधलं टूल आलं, तोवर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं ऐकायचं म्हणजे मोठी खटपट होती. आता प्रत्येक ब्राउझरमध्ये ही सोय असते, तरी अनेक टेस्टर पडद्याचा फोटो काढून बग नोंदवतात, याचं मला वाईट वाटतं. टॅब उघडल्यावर दोन खुणा आधी करून घ्या. 'प्रिझर्व्ह लॉग' लावलं की पान बदललं तरी आधीच्या रिक्वेस्ट पुसल्या जात नाहीत. लॉगिन आणि पेमेंटच्या प्रवाहात एका पानावरून दुसऱ्यावर आपोआप उड्या पडतात, तिथे याच्याशिवाय काहीच हाती लागत नाही. 'डिसेबल कॅश' लावलं की कालची जुनी फाइल आजच्या तपासणीत शिरत नाही.

मग उत्तर उघडून वाचा. नुसता हिरवा २०० बघून पुढे जाऊ नका. वारंवार भेटणारा एक प्रकार सांगते. पडद्यावर 'अनपेक्षित टोकन' असा काहीतरी दुर्बोध संदेश येतो आणि स्टेटस मात्र २०० असतो. उत्तर उघडलं तर जेसनच्या जागी लॉगिनचं अख्खं एचटीएमएल पान आलेलं असतं. सेशन संपलेलं असतं, सर्व्हरनं रिक्वेस्ट लॉगिनकडे वळवलेली असते आणि ब्राउझर ते पान डेटा समजून वाचायला जातो. ज्यानं उत्तर वाचलं नाही, तो जेसनमध्ये बग शोधत बसतो.

वेळेचंही तसंच. एका रिक्वेस्टला तीन सेकंद लागले, एवढ्यावरून काही कळत नाही. टायमिंगमध्ये पाहा. पहिला बाइट यायलाच वेळ गेला असेल तर बहुतेक वेळा सर्व्हर किंवा डेटाबेस मंद आहे. पहिला बाइट लगेच आला आणि उतरवून घेण्यात वेळ गेला, तर उत्तरच अवजड आहे. दोन्हींचे इलाज वेगळे आणि ते करणारी माणसंही वेगळी.

ही सगळी नोंद 'हार' फाइल म्हणून साठवून डेव्हलपरला देता येते. मात्र तिच्यात कुकी आणि टोकन असू शकतात, म्हणजे तुमच्या खात्याची किल्लीच. क्रोम हल्ली संवेदनशील हेडर वगळून फाइल देतो, पण रिक्वेस्टच्या मजकुरातला आधार क्रमांक किंवा मोबाइल नंबर तसाच राहू शकतो. फाइल ग्रुपवर टाकण्याआधी ती उघडून पाहायचीच.

२. स्टेटस कोडवरून कोणाला हाक मारायची ते ठरतं

४०१ म्हणजे तुम्ही कोण हे सर्व्हरला पटलेलं नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण ही गोष्ट करायची तुम्हाला मुभा नाही. बगमध्ये या दोघांची गल्लत झाली की चुकीच्या टीमकडे तो आठवडाभर पडून राहतो. ५०० आलं तर ॲप्लिकेशनचाच लॉग बघा. ५०२ म्हणजे मधल्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही, आणि ५०४ म्हणजे वाट पाहून त्याची मुदत संपली. ५०४ नेहमी ठरावीक सेकंदांनीच येत असेल, म्हणजे दर वेळी बरोबर तिसाव्या किंवा साठाव्या सेकंदाला, तर कोणीतरी लावलेली टाइमआउटची मर्यादा तिथे उभी आहे. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेगानं विचारताय. ३०४ ही चूकच नव्हे, तुमच्याकडची प्रत अजून चालेल एवढंच ते सांगतं.

३. ब्राउझर बाजूला काढून पाहा

नेटवर्क टॅबमधल्या कुठल्याही रिक्वेस्टवर उजवं क्लिक केलं की 'कॉपी ॲज कर्ल' हा पर्याय येतो. कर्ल हे कमांड लाइनवरचं टूल स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी सुरू केलं, १९९८ पासून ते याच नावानं चालत आलं आहे, आणि मी सगळ्यात जास्त याच्यावरच विसंबते. कॉपी केलेली रिक्वेस्ट टर्मिनलमध्ये चिकटवायची आणि चालवायची. ब्राउझर, त्यातली एक्स्टेन्शनं, कॅश, जावास्क्रिप्ट, सगळं एका फटक्यात बाजूला होतं. रिक्वेस्ट बरोबर असून बग इथेही आला, तर तो सर्व्हरचा आहे. मग वाद उरत नाही.

खरी मजा त्यानंतर येते. त्या रिक्वेस्टमध्ये वीस-पंचवीस हेडर असतात. एकेक काढत जायचं आणि दर वेळी पुन्हा चालवायचं. कुठला काढल्यावर वागणं बदलतं? भाषेचा हेडर काढल्यावर चूक नाहीशी झाली, तर मराठी पानाच्या मार्गात काहीतरी आहे. कुकी काढली तरी दुसऱ्याची माहिती दिसतेच आहे, तर तुम्ही बग शोधायला निघालात आणि सुरक्षेचं भगदाड सापडलं. उरतं ते चार ओळींचं, कोणालाही चालवून पाहता येईल असं उदाहरण. 'आमच्याकडे तर चालतंय' या वाक्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

४. ब्राउझरमधली तपासणी ही निव्वळ सोय आहे

फॉर्ममध्ये लाल अक्षरांत 'रक्कम चुकीची आहे' असं येतं, बटण करडं होतं, तारखेच्या चौकटीत मागची तारीख निवडताच येत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं हे सगळं छान. पण ही तपासणी ज्या यंत्रावर होते ते वापरणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून सर्व्हरनं तीच तपासणी स्वतः पुन्हा करायला हवी. करतो की नाही, हे पाहायला प्रॉक्सी लागतो.

पोर्टस्विगरचं बर्प सूट आणि २०१० पासूनचं, फुकट आणि मुक्त स्रोत असलेलं झॅप ही यातली दोन ठळक नावं. दोन्ही ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसतात, जाणारी रिक्वेस्ट थांबवतात, बदलू देतात आणि मग पुढे सोडतात. एचटीटीपीएस वाचायला त्यांचं सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये बसवावं लागतं. ते रोजच्या ब्राउझरमध्ये बसवू नका, त्यासाठी वेगळं प्रोफाइल ठेवा. झॅपमध्ये आपोआप स्कॅन करायची सोय आहे आणि नवखे लोक तिच्यावरच थांबतात. ते स्कॅन चालवा, पण खरा शोध हातानं लागतो. बर्पमधलं रिपीटर उघडा आणि एकच रिक्वेस्ट पुन्हापुन्हा थोडी बदलून पाठवा. रक्कम उणे करा. संख्या एक असते तिथे शून्य टाका. लपवलेल्या फील्डमधला दर बदला. आवश्यक फील्ड पूर्ण वगळा. रिकामं ठेवणं आणि वगळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कोड त्या दोघींशी वेगळा वागतो.

या सगळ्यात मला सर्वांत गंभीर वाटते ती परवानगीची चूक. पावती पाहायच्या पत्त्यात पावतीचा क्रमांक असतो. तो एकानं वाढवला की शेजारच्या माणसाची पावती उघडते, नाव-पत्ता-रकमेसकट. ओवास्प या वेब सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन यादीत हीच जात पहिल्या क्रमांकावर आहे. २०१७ च्या यादीत ती पाचवी होती. स्कॅनरला ही चूक पकडणं फार अवघड जातं, कारण त्याच्या लेखी उत्तर बिनचूक आलेलं असतं. ते उत्तर कोणाला मिळायला हवं होतं, हे फक्त माणसाला माहीत असतं. पद्धत साधी आहे. दोन खाती तयार करा. एका खात्यानं प्रत्येक कृती करा, त्या रिक्वेस्ट जपून ठेवा आणि दुसऱ्या खात्याची कुकी लावून त्याच पुन्हा पाठवा. मग कुकीच काढून पाठवा. शिपाई, क्लार्क, मॅनेजर अशा भूमिका असतील तर प्रत्येक जोडीसाठी हेच करायचं. कंटाळवाणं आहे. पण आपल्या पोर्टलवर एखाद्या बाईनं तिच्या आजाराची माहिती भरलेली असते आणि ती तिच्या गावातल्या दुसऱ्या कोणाला दिसू नये, याची काळजी घेणारं साखळीत दुसरं कोणी असेलच असं नाही.

५. परवानगी लेखी हवी

ही सगळी तंत्रं आपल्या मालकीच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या ॲप्लिकेशनवरच वापरायची. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली अप्रामाणिक किंवा कपटी हेतूनं केलेल्या विनापरवाना प्रवेशासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'मी फक्त बघत होतो' म्हणून हेतू सिद्ध करत फिरायची वेळ स्वतःवर का आणावी? सरावासाठी ज्यूस शॉप, वेबगोट, डीव्हीडब्ल्यूए ही मुद्दाम सदोष बनवलेली ॲप्लिकेशनं आपल्या लॅपटॉपवर चालवता येतात. सहज वापरताना कुठे भोक दिसलंच, तर तिथेच थांबा, आणखी आत जाऊ नका आणि संबंधित संस्थेला किंवा सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवा.

६. मराठी टाइप करून पाहा, आणि नीट टाइप करून पाहा

पुण्या-मुंबईच्या टीमसुद्धा 'टेस्ट वन, टेस्ट टू' असा डेटा भरतात आणि ॲप्लिकेशन मराठीत चालतं म्हणून सही करतात. मला याची चीड येते. ज्यांच्यासाठी हे बनवलं त्यांची नावं तरी लिहून पाहा.

कऱ्हाडे हे आडनाव घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती ७ चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. फील्डची मर्यादा २० असेल तर ती २० काय, ते आधी विचारा. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. ब्राउझरनं स्वीकारलेलं नाव मग डेटाबेस नाकारतो आणि माणसाला मिळतो ५००.

याच नावात दुसरी खोच आहे. त्यातला पापणीसारखा दिसणारा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं ठरीव नॉर्मलायझेशन चालवलं तरी ते एक होत नाहीत. क्लार्कनं एका कीबोर्डवर नाव भरलं, खातेदारानं फोनवर शोधलं, 'नोंद सापडली नाही'. कऱ्हाड तालुका, गोऱ्हे, बऱ्हाटे, सगळ्यांचं हेच. 'ॲ' चंही तसंच: तो एक अखंड चिन्ह म्हणून येतो किंवा अ आणि वरची चंद्रकोर असा जोडून येतो. शोधासाठी दोन्ही रूपं एका रूपात आणणारा कोड आपला आपणच लिहावा लागतो. आणि सावध राहा: कोणी हुशारीनं 'अदृश्य अक्षरं काढून टाका' अशी साफसफाई लावली, तर दुसऱ्या रीतीनं लिहिलेल्या कऱ्हाडेंच्या डोक्यावर रफार चढतो आणि त्यांचं नावच बदलतं.

आकडे तर हमखास फसवतात. जावास्क्रिप्टला मराठीचा लोकेल देऊन रक्कम छापली की ती १,२५,००० अशी देवनागरीत येते. छान दिसते. पण तीच चौकट परत वाचून कोड बेरीज करायला गेला की हाती संख्या येतच नाही. उलट बाजूला, पायथॉनमध्ये 'कुठलाही अंक' असा नेहमीचा रेग्युलर एक्स्प्रेशन देवनागरी अंकही स्वीकारतो, जावास्क्रिप्टमधला स्वीकारत नाही. म्हणजे एपीआयला थेट देवनागरीतला मोबाइल नंबर दिला तर तो सुखरूप डेटाबेसात जाऊन बसतो आणि अडतो थेट एसएमएस पाठवताना.

एसएमएसचं निघालं म्हणून: इंग्रजी संदेश १६० अक्षरांचा, मराठी ७० चिन्हांचा. त्याहून लांब झाला की तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. मंजूर झालेला नमुना ६० चिन्हांचा असेल, पण त्यात ग्राहकाचं पूर्ण नाव भरल्यावर तो कितीचा होतो ते मोजा.

पीडीएफ हा स्वतंत्र विषय आहे. जी लायब्ररी देवनागरीची अक्षरजोडणी करत नाही, ती ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर छापते आणि जोडाक्षरं फोडून ठेवते. पडद्यावर 'स्थिती' बरोबर दिसली म्हणून पावतीतही तशीच उमटेल असं धरू नका. पावती उतरवा, उघडा, वाचा. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडा. सुरुवातीला बाइट-ऑर्डरची खूण नसेल तर मराठीच्या जागी कचरा दिसू शकतो. यादी अकारविल्हे लावा आणि ळ कुठे येतो ते बघा. चिन्हांच्या क्रमांकानं लावलेल्या यादीत तो ल च्या मागे, व च्या आधी घुसतो, आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतरची. रफार आणि दीर्घ वेलांटी एकत्र आली की चौकटीची वरची कड ती कापते का, तेही पाहा. जुन्या डीटीपी फाँटमधून मजकूर चिकटवून पाहा, कारण सरकारी कार्यालयांतून येणारा मजकूर अजूनही तसा असतो. आणि वसईचा एखादा डि'मेलो किंवा गोव्याचा डि'सोझा भरून पाहा. त्या अपॉस्ट्रॉफीनं पान कोसळलं, तर एसक्यूएल इंजेक्शनचा दरवाजा उघडा असल्याची शंका घ्या.

७. साडेपाच तासांचा फरक

आपल्याकडची मध्यरात्र म्हणजे यूटीसीचे आदल्या दिवशीचे १८:३०. जन्मतारीख 'वेळ' म्हणून साठवली आणि सर्व्हर यूटीसीवर असला की १५ तारखेला जन्मलेला माणूस १४ तारखेचा होतो. पहाटे साडेपाचपूर्वी केलेले व्यवहार आदल्या दिवसाच्या अहवालात जातात. तपासणी सकाळी अकराला केली तर हे दिसणारच नाही; संगणकाचं घड्याळ पुढेमागे करून बघावं लागतं. निवृत्तिवेतनाच्या पोर्टलवर मी १९४३ ची जन्मतारीख आवर्जून भरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारताचं घड्याळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं आणि संगणकांच्या टाइमझोन तक्त्यात ते नोंदलेलं आहे. कोडमध्ये कोणी साडेपाच तास थेट मिळवले असतील, तर त्या वर्षांतल्या तारखा नेमक्या एका दिवसानं मागे सरकतात.

८. मंद नेटवर्क लावा आणि बटण दोनदा दाबा

ऑफिसच्या फायबरवर सगळीच ॲप्लिकेशनं चांगली. नेटवर्क टॅबमध्येच वेग कमी करायची सोय आहे. ३जी लावून अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरा. शक्य असेल तर स्वस्तातला अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडून त्याच्यावरचं पान आपल्या क्रोममधून तपासा, कारण नेटवर्क मंद करून प्रोसेसर मंद होत नाही. मोजमापासाठी गुगलचे तीन कोअर वेब व्हायटल्स आहेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा (आयएनपी हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या एफआयडीच्या जागी आलं) आणि मांडणीच्या हलण्याचा अंक ०.१ च्या आत राहावा. लाइटहाउस हे टूल तुमच्या यंत्रावरचा अंदाज देतं, खऱ्या वापरणाऱ्यांचे आकडे वेगळे असतात. लाइटहाउसच्या शंभरपैकी गुणांचा स्लाइड करून मिरवणं मला पटत नाही.

मंद नेटवर्कवर खरं सापडतं ते दुहेरी सबमिट. चक्र फिरत राहतं, माणूस पुन्हा दाबतो. पतसंस्थेच्या काउंटरवरून 'मॅडम, एका हप्त्याच्या दोन पावत्या निघाल्या' असा फोन येतो, तो इथूनच. बटण करडं करणं हा अर्धाच उपाय झाला. रिक्वेस्ट पोहोचली, नोंद झाली आणि उत्तर वाटेत हरवलं, तर माणूस पान ताजं करून पुन्हा भरणारच. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक खूणक्रमांक असावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यावर सर्व्हरनं नवी नोंद न करता जुनीच पावती परत द्यावी. तपासायला सोपं आहे: कर्लनं तीच रिक्वेस्ट दोनदा, एकाच क्षणी पाठवा आणि डेटाबेसातल्या ओळी मोजा.

९. ऑटोमेशन थोडं आणि भरवशाचं

सेलेनियम २००४ साली शिकागोत जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्समध्ये असताना सुरू केलं. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट २०२० चं. आज नव्यानं सुरुवात करायची असेल तर मी प्लेराइट सुचवेन. घटक दिसेपर्यंत, दाबण्याजोगा होईपर्यंत ते स्वतः थांबतं आणि टेस्ट पडली तर त्या क्षणाचं पान, रिक्वेस्ट, कन्सोल सगळं ट्रेसमध्ये पाहायला मिळतं. पण चालू सेलेनियमचा मोठा संच केवळ फॅशन म्हणून फेकू नका.

टेस्टमध्ये 'पाच सेकंद थांब' असं लिहिलेलं दिसलं की मी ते काढायला लावते. सर्व्हर सहा सेकंदांवर गेला की टेस्ट पडते, एका सेकंदात आला तर चार वाया. अटीसाठी थांबा, वेळेसाठी नको. कधी पडणाऱ्या, कधी पास होणाऱ्या टेस्ट संचात ठेवू नका, कारण लोक लाल रंगाकडे दुर्लक्ष करायला शिकतात आणि मग खऱ्या चुकीकडेही होतं. नियम, हिशेब, परवानग्या यांच्या टेस्ट एपीआयच्या पातळीवर लिहा; ब्राउझरमधून फक्त तेच मार्ग चालवा जे बंद पडले तर फोन वाजायला लागतील.

१०. सरासरी बघून लोड टेस्ट पास करू नका

दहावी-बारावीच्या निकालाची दुपार सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीची आहे: राज्यभरातली घरं एकाच मिनिटाला एकाच पानावर. अशा वेळी सरासरी प्रतिसाद निरुपयोगी. शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्ट झटकन आणि एक दहा सेकंदांत, तरी सरासरी गोंडसच दिसते. पण एक पान उघडताना ५० रिक्वेस्ट जात असतील, तर त्यांतली किमान एक त्या मंद टक्क्यात सापडण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के होते. ०.९९ चा पन्नासावा घात काढून पाहा. म्हणून पंच्याण्णवावं आणि नव्व्याण्णवावं पर्सेंटाइल मागा.

दुसरी फसगत टूलच्या स्वभावातून येते. जेमीटरचा नेहमीचा थ्रेड ग्रुप उत्तर येईपर्यंत पुढची रिक्वेस्ट पाठवत नाही. सर्व्हर मंदावला की टूलही मंदावतं आणि दाब आपोआप उतरतो. निकालाच्या दिवशी मात्र नवीन माणसं कोणाची वाट न पाहता येतच राहतात. के-सिक्समध्ये दर सेकंदाला ठरावीक नवे वापरकर्ते आणायची सोय आहे, तशा पद्धतीनं मोजलं की खरी घसरण दिसते. जेमीटर वापरणार असाल तर ग्राफिकल खिडकीतून चाचणी फक्त लिहा आणि चालवा कमांड लाइनवरून. आणि चाचणीचा डेटा खऱ्या आकाराचा ठेवा. शंभर ओळींच्या तक्त्यावर इंडेक्स नसल्याचं कधीच कळत नाही.

११. माउस काढून ठेवा

टॅबच्या कळीनं पूर्ण फॉर्म भरता येतो का? आपण कुठल्या चौकटीत आहोत ते दिसतं का? मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ आहे का? ॲक्स किंवा वेव्ह हे सुलभता तपासणारं टूल चालवा, त्यात सापडलेल्या चुका दुरुस्त करा आणि मग स्क्रीन रीडर लावून डोळे मिटून तोच अर्ज भरा. एनव्हीडीए फुकट आहे आणि मराठी वाचतं. पानावर भाषा मराठी म्हणून नोंदलेली नसेल तर चुकीच्या आवाजात वाचलं जाण्याची शक्यता असते. ती दुरुस्ती एका शब्दाची आहे. नुसतं चित्र दाखवणारा कॅप्चा असेल, तर दृष्टिहीन माणसाचा अर्ज तिथेच संपतो. ही चूक मी नेहमी सर्वांत वरच्या गंभीरतेची म्हणून नोंदवते आणि ती खाली आणायला नकार देते.

१२. 'कधीकधी होतं' असं लिहू नका

कधीकधी होणाऱ्या गोष्टीलाही कारण असतं, फक्त ते बदलणारं काहीतरी आपण अजून धरलेलं नसतं. ते सेशनचं वय असेल, दोन टॅब उघडे असतील, दोन सर्व्हरपैकी एकावर जुना कोड राहिला असेल. म्हणून प्रत्येक वेळी नोंद ठेवा: सेकंदासकट वेळ आणि टाइमझोन, कुठलं खातं, कुठला ब्राउझर, आणि रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये रिक्वेस्ट आयडी असेल तर तो. पडलेल्या आणि पास झालेल्या दोन्ही रिक्वेस्ट शेजारी ठेवून ओळीनं ताडून पाहा. उत्तर कुठल्या सर्व्हरनं दिलं ते हेडरमध्ये असेल, तर बऱ्याचदा तिथेच उलगडा होतो: पडलेली सगळी उत्तरं एकाच यंत्राकडून आलेली असतात.

बगमध्ये काय केलं, काय मागितलं गेलं, काय मिळालं, काय मिळायला हवं होतं आणि का, एवढं लिहा. सोबत कर्लची ती चार ओळींची कमांड, टोकन काढून. तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये रिक्वेस्ट आयडीच नसेल, तर पुढच्या रिलीजसाठी पहिली मागणी तीच करा. तो आयडी लॉगमध्ये शोधला की डेव्हलपर थेट त्या ओळीवर पोहोचतो आणि तुम्हाला कॉल लावून स्क्रीन शेअर करायची गरज राहत नाही.